वर्दीवरून परतल्यानंतर

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे रुग्णवाहिका, अग्निशमन दल आणि डोंगरातील बचावकार्य यांत काम करणाऱ्यांची किंवा त्यांच्या घरच्यांची होती. म्हणून या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे. पत्रलेखकांची नावे, गावे आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. अग्निशमन दलात मदतीसाठी आलेल्या निरोपाला ‘वर्दी’ म्हणतात; तो शब्द पत्रांत जसा आला तसाच ठेवला आहे.

प्रश्न : मी आयुर्वेद पदवीधर असून साडेपाच वर्षे रुग्णवाहिकेवर डॉक्टर म्हणून काम करतो. आमच्या भागात महामार्गही आहे आणि घाटही, त्यामुळे अपघात पुष्कळ होतात. सुरुवातीला प्रत्येक रुग्णाचे नाव माझ्या लक्षात राहत असे. आता ‘हेड इंज्युरी’, ‘फ्रॅक्चर’, ‘पॉयझनिंग’ एवढेच लक्षात राहते. नातेवाईक रडू लागले की कणव येण्याऐवजी चीड येते. परवा माझी चार वर्षांची मुलगी खरचटलेला गुडघा घेऊन रडत आली, तेव्हा ‘यात रडण्यासारखे काय आहे?’ म्हणून मी तिच्यावर खेकसलो. दुसरीकडे, एक गोष्ट काही केल्या डोक्यातून जात नाही. गेल्या पावसाळ्यात घाटात दुचाकीवरून घसरलेल्या एका मुलाला आम्ही उचलले. मानेला कॉलर लावून स्ट्रेचरवर घेतल्यावरही तो सारखा म्हणत होता, ‘डॉक्टर, माझी एक चप्पल राहिली, नवीन आहे.’ त्याला जिल्हा रुग्णालयात सोपवले आणि लगेच दुसरा कॉल आला. ती चप्पल दोन आठवडे कठड्याजवळ पडून होती. आता ती तिथे नाही, पण त्या वळणावर माझी नजर आपोआप खाली जाते. मी या कामासाठी नालायक झालो आहे का?

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते : नाही. तुमच्यातली कणव संपली असती, तर त्या वळणावर तुमची नजर खाली गेली नसती.

तुम्ही जी अवस्था लिहिली आहे तिला बर्नआउट म्हणतात. न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यात राबणाऱ्या स्वयंसेवकांकडे पाहून हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये हा शब्द वापरला आणि तो रूढ झाला. मला स्वतःला मराठीतले ‘करपणे’ हे क्रियापद अधिक जवळचे वाटते, कारण करपलेल्या भाकरीत पीठ वाईट नसते; ती तव्यावर एका बाजूने फार वेळ राहिलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेचे आजारांचे अकरावे वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून लागू झाले. त्यात या अवस्थेची नोंद आहे, पण ती आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ न हाताळल्या गेलेल्या ताणातून उद्भवणारी स्थिती म्हणून आहे. तिच्या तीन खुणा सांगितल्या आहेत : अंगातली शक्ती संपल्यासारखा थकवा, कामाविषयी तुटलेपण किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून नीट काही होत नाही अशी भावना. यांतल्या शेवटच्या दोन तुमच्या पत्रात स्पष्ट दिसतात. आजार म्हटले की उपचार फक्त माणसावर करायचे असतात. कामातून येणारी स्थिती म्हटले की कामाच्या रचनेलाही जाब विचारावा लागतो. म्हणून हा भेद मला महत्त्वाचा वाटतो.

नाव विसरून ‘केस’ लक्षात ठेवणे हे मनाने स्वतःसाठी घातलेले चिलखत आहे, आणि रस्त्यावर ते उपयोगीच पडते. शीर शोधून सलाइन लावताना तुमच्या डोळ्यांत पाणी आले तर रुग्णाचे नुकसान होईल. अडचण एवढीच आहे की साडेपाच वर्षांत हे चिलखत उतरवण्याची सवय मोडली आणि ते घालूनच तुम्ही मुलीच्या गुडघ्याशी बसलात.

आता त्या चपलेविषयी. शल्यविशारदाला टाके काढलेला रुग्ण दिसतो. वॉर्डातील सिस्टरला घरी निघालेला रुग्ण दिसतो, किंवा निदान तो गेल्याचे तरी कळते. तुम्ही मात्र कॅज्युअल्टीच्या दारात माणूस सोपवता, कागदावर वेळ टाकून सही घेता आणि वळता. साडेपाच वर्षांत अशा हजारो हकिकती तुमच्यासाठी त्याच दारात तुटल्या आहेत. आपले मन पुरी झालेली गोष्ट बाजूला ठेवू शकते. अर्धवट राहिलेली गोष्ट ते पुन्हा पुन्हा उघडून पाहते. मुलाचे काय झाले हे तुम्हाला कळणे शक्य नव्हते, पण त्याच्या चपलेचे काय झाले हे रोज दिसत होते, म्हणून मनाने चप्पल धरून ठेवली. माझ्याकडे येणाऱ्या रुग्णवाहिकेवरील आणि अग्निशमन दलातील माणसांचे ऐकून माझे असे मत झाले आहे की त्यांना पाहिलेल्या प्रसंगाइतकाच, कधीकधी त्याहून जास्त, त्रास त्या प्रसंगाचा शेवट न कळण्याचा होतो.

तेव्हा शेवट विचारा. रुग्णाला घेऊन येणारे डॉक्टर म्हणून कॅज्युअल्टीतील वैद्यकीय अधिकाऱ्याला ‘त्या दिवशी आणलेल्या रुग्णाचे पुढे काय झाले?’ असे विचारणे यात गैर काही नाही. किंबहुना आपले प्रथमोपचार बरोबर होते का, हे कळण्याचाही तोच मार्ग आहे. सगळ्यांचे विचारू नका, ते शक्यही होणार नाही. पंधरा दिवसांतून एकदा मनात रेंगाळलेली तीन-चार नावे घेऊन जा. काही उत्तरे ‘गेला’ अशी असतील. तीही ऐकणे न कळण्यापेक्षा सोसवते, असे बहुतेकांनी मला सांगितले आहे.

घरी जाण्यापूर्वी गणवेश तळावरच उतरवा, हातपाय धुवा आणि दहा मिनिटे फोन न बघता बसा. हे वाचायला क्षुल्लक वाटेल, पण शरीराला ‘काम संपले’ हे शब्दांनी सांगून कळत नाही. पाण्याने आणि कपड्यांनी कळते. तुमच्यासारखे अनेक डॉक्टर ड्युटी संपवून संध्याकाळी स्वतःचा दवाखाना उघडतात. तुम्हीही तसे करत असाल, तर आठवड्यातून निदान दोन संध्याकाळी तो बंद ठेवण्याचा हिशेब मांडून पाहा. मुलीला मात्र आजच जवळ घ्या आणि ‘तुला लागले होते आणि मी ओरडलो, माझे चुकले’ असे स्पष्ट सांगा. चार वर्षांच्या मुलाला माफी चांगली समजते.

एक विनंतीही करते. गाडीच्या पुढच्या सीटवर बसलेल्या पायलटनेही, म्हणजे तुमच्या चालकानेही, ‘माझी चप्पल राहिली’ हे वाक्य ऐकले असेल. त्याला एकदा त्याविषयी विचारा.

औषधाच्या मात्रेत चुका होऊ लागल्या, झोप सलग दोन-तीन आठवडे लागेनाशी झाली, झोपेसाठी गोळी किंवा दारू लागू लागली किंवा जगण्यात अर्थ नाही असे वाटू लागले, तर ते बर्नआउटच्या पुढे गेलेले असते. अशा वेळी मनोविकारतज्ज्ञाला भेटायला उशीर करू नका.

प्रश्न : माझे पती अग्निशमन दलात तांडेल, म्हणजे जवानांच्या तुकडीचे प्रमुख, आहेत. आठ महिन्यांपूर्वी एका वस्तीत लागलेल्या आगीच्या वर्दीवर ते गेले होते. तिथे दोन लहान मुले दगावली हे मला वर्तमानपत्रातून कळले, त्यांनी स्वतः एक शब्दही सांगितला नाही. तेव्हापासून ते रात्री तीन-साडेतीनला उठून बाल्कनीत उभे राहतात. पूर्वी महिन्यातून एखाद्या वेळी घ्यायचे, आता सुट्टीच्या प्रत्येक दिवशी घेतात. मागच्या रविवारी मी भरतासाठी गॅसवर वांगे भाजत होते, तर ते जेवण टाकून घराबाहेर निघून गेले आणि दोन तासांनी परतले. भरीत त्यांच्या फार आवडीचे आहे. काही विचारले की ‘तुला नाही कळणार’ एवढेच म्हणतात. मी त्यांच्याशी कसे बोलू?

उत्तर : तुम्ही वांग्याची गोष्ट लिहिलीत हे फार बरे केले, कारण तिच्यामुळे मला पुष्कळ उलगडा झाला. वास ही आठवणीपर्यंत पोचण्याची सर्वांत जवळची वाट आहे. करपलेल्या सालीचा वास नाकात गेल्यावर तुमच्या पतींना ‘आगीची आठवण झाली’ असे नसावे. काही क्षणांपुरते त्यांचे शरीर पुन्हा त्या खोलीत गेले असावे. छाती धडधडणे, घाम फुटणे, तिथून पळावेसे वाटणे हे अशा वेळी आपसूक होते आणि त्यावर माणसाचा ताबा नसतो. ते तुमच्यावर रागावून गेले नाहीत. तुमच्या समोर आपले हे होऊ नये म्हणून ते गेले असावेत.

भीषण प्रसंगानंतर पहिले काही आठवडे झोप मोडणे, दचकणे, तेच दृश्य दिसणे हे बहुतेकांना होते आणि बहुतेकांचे ते ओसरते. एक महिना उलटूनही ते चालू राहिले आणि रोजच्या जगण्यात अडथळा येऊ लागला, तर आघातोत्तर ताणविकाराची शंका घ्यावी लागते. तुमच्याकडे आठ महिने झाले आहेत. पत्रावरून निदान करता येत नाही, पण आता तज्ज्ञाला दाखवायलाच हवे. हा विकार बरा होण्यासारखा आहे. त्याच्यासाठी आघातावर केंद्रित असलेली मानसोपचाराची पद्धत आहे, जिच्यात प्रशिक्षित माणसासमोर, सुरक्षितपणे, टप्प्याटप्प्याने त्या आठवणीजवळ जायचे असते. गरज पडल्यास औषधेही असतात. जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ असतात. ‘टेलीमानस’ ही केंद्र शासनाची दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. त्यांनी फोन केला नाही तर आधी तुम्ही करा. घरच्यांसाठीही ती सेवा आहे.

आता बोलण्याविषयी. ‘तिथे काय झाले?’ हा प्रश्न विचारू नका. त्याचे उत्तर देण्यासाठी त्यांना ते दृश्य तुमच्या स्वयंपाकघरात आणावे लागेल, आणि ‘तुला नाही कळणार’ या वाक्याचा खरा अर्थ बहुधा ‘तुला ते कळू नये’ असा आहे. त्यापेक्षा तुम्ही जे पाहिले ते सांगा : ‘तुम्ही रात्री उठता हे मला माहीत आहे. तुम्ही सांगितलेच पाहिजे असे नाही. पण तुम्ही एकटे उभे असता हे मला बघवत नाही.’ हे समोरासमोर बसून बोलण्यापेक्षा भाजी आणायला जाताना किंवा गाडीवर मागे बसून बोलणे पुरुषांना सोपे जाते, असा माझा अनुभव आहे. एखाद्या रात्री तीन वाजता काही न बोलता बाल्कनीत शेजारी जाऊन उभे राहिलात तरी चालेल.

दारूबद्दल मी आडपडदा ठेवणार नाही. दारूने डोळा लवकर लागतो, पण पहाटेची झोप मोडते, म्हणजे ज्या तीनच्या सुमाराला ते उठतात ती वेळ दारूमुळे अधिक वाईट होत असणार. त्यांना हे दारू सोडण्याचा उपदेश म्हणून सांगू नका, झोपेची माहिती म्हणून सांगा. त्यांनी ‘मी नसतो तर बरे झाले असते’ अशा अर्थाचे काही बोलून दाखवले, तर ते टोमणा समजून सोडून देऊ नका. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर होकारार्थी असेल, तर त्यांना एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

दरवर्षी १४ एप्रिलला देशभरातील अग्निशमन केंद्रांत मानवंदना होते. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाचा स्फोट झाला आणि ६६ अग्निशामकांचा मृत्यू झाला, त्यांची ती आठवण असते. गेलेल्यांसमोर आपण उभे राहतो ते योग्यच आहे. पण तुमच्या पतींसारखे जे परत आले आणि रात्री तीनला बाल्कनीत उभे राहिले, त्यांच्याकडे पाहण्याची वहिवाट आपल्याकडे अजून पडलेली नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. आणि हे सारे सांभाळताना तुमचेही आठ महिने झोपेविना गेले आहेत. त्यांना दवाखान्यात न्याल तेव्हा स्वतःसाठीही वेळ मागून घ्या.

प्रश्न : मी एका अग्निशमन केंद्राचा केंद्र अधिकारी आहे. माझ्या हाताखालचे काही जवान गेल्या वर्षभरात चिडचिडे झाले आहेत, एकाने बदलीसाठी अर्ज दिला आहे. मोठ्या वर्दीनंतर सर्वांना एकत्र बसवून समुपदेशकासमोर प्रत्येकाने आपला अनुभव सांगावा, असे एक सत्र ठेवावे का?

उत्तर : तुमचा हेतू फार चांगला आहे, तरीही या स्वरूपात ते करू नका असेच मी सांगेन. अमेरिकेत अग्निशामक म्हणून काम केलेल्या जेफ्री मिचेल यांनी १९८३ मध्ये अशा सामूहिक सत्राची पद्धत मांडली आणि ती जगभर पसरली. नंतर काटेकोर चाचण्या झाल्या, तेव्हा एकाच बैठकीत प्रसंग पुन्हा वदवून घेतल्याने ताणविकार टळतो असे दिसले नाही. भाजलेल्या रुग्णांवर ब्रिटनमध्ये झालेल्या, १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, बोलते केलेल्यांची स्थिती तेरा महिन्यांनंतर न केलेल्यांपेक्षा वाईट होती. ज्याचे मन अजून थरथरते आहे, त्याला सर्वांसमोर सांगायला लावणे म्हणजे ओल्या जखमेवरची पट्टी ओढणे होय, आणि ज्याने काही पाहिलेच नव्हते तोही दुसऱ्याचे दृश्य मनात घेऊन घरी जातो.

त्याऐवजी जे करायचे ते फार साधे आहे. वर्दीवरून परतल्यावर बंब धुऊन, होज वाळत घालून झाल्यावर अर्धा तास कुणालाही दुसरे काम देऊ नका. चहा आणि काहीतरी गरम खाणे येऊ द्या. तुम्ही स्वतः केबिनमध्ये अहवाल लिहायला जाऊ नका, त्यांच्यात बसा. ज्याला बोलायचे असेल तो बोलेल. जो बोलणार नाही त्याला बोलते करू नका, पण तो जेवला का, झोपला का, एकटा बसतो का, यावर पुढचे पंधरा दिवस लक्ष ठेवा. आपत्तीतून आलेल्या माणसांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची जी मार्गदर्शिका काढली, तिचा गाभाही पाहा, ऐका, जोडून द्या एवढाच आहे. ‘जोडून द्या’ म्हणजे ज्याला जास्त गरज आहे त्याला योग्य माणसापर्यंत पोचवणे. यासाठी प्रत्येक पाळीतील एकदोन अनुभवी, विश्वासाच्या जवानांना प्रशिक्षण द्या, कारण तांडेलाला जे सांगितले जाते ते साहेबांना सांगितले जात नाही.

घोडा का अडला, पाने का सडली, भाकरी का करपली, या जुन्या कोड्याचे उत्तर तुम्हाला ठाऊकच आहे : न फिरवल्याने. मृतदेह काढण्याचे काम ज्यांना ‘जमते’ त्याच दोघा-तिघांना दर वेळी पुढे केले जाते, ही गोष्ट मी जवळजवळ प्रत्येक केंद्रात ऐकली आहे. ते कधी तक्रार करत नाहीत, म्हणून त्यांनाच पाठवले जाते, आणि एके दिवशी बदलीचा अर्ज येतो. तुमच्याकडे आलेला अर्ज अशा एखाद्या जवानाचा आहे का, हे तपासून पाहा.

समुपदेशक जरूर आणा, पण जवान त्यांना खासगीत भेटू शकतील अशी व्यवस्था करा. ती भेट सेवापुस्तकात नोंदली जाणार नाही असे सर्वांना स्पष्ट शब्दांत सांगा आणि ते पाळा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार उपचारांविषयीची माहिती गुप्त ठेवली जाण्याचा रुग्णाला हक्क आहे. ‘तो डोक्याच्या डॉक्टरकडे जातो’ हे वाक्य केंद्रात एकदा जरी कुणाच्या तोंडून हसत निघाले आणि तुम्ही ते थांबवले नाही, तर पुढची पाच वर्षे त्या डॉक्टरकडे कुणी जाणार नाही.

प्रश्न : मी चोवीस वर्षांचा असून सह्याद्रीत गिर्यारोहकांच्या एका बचाव पथकात स्वयंसेवक आहे. नोकरी वेगळी आहे. हे काम आम्ही विनामोबदला करतो. तीन आठवड्यांपूर्वी दरीत पडलेल्या एका ट्रेकरचा मृतदेह आम्ही दोराने वर काढला. तो माझ्याच वयाचा होता आणि त्याच्या पाठीवरची सॅक अगदी माझ्यासारखी होती. तेव्हापासून मी ती सॅक वापरू शकलेलो नाही. पथकातील मोठे लोक म्हणतात, सवय होईल. आई म्हणते, जाऊ नकोस. मी या कामासाठी कच्चा आहे का?

उत्तर : सह्याद्रीत आपत्ती आली की शासकीय यंत्रणांच्या बरोबरीने, कधी त्यांच्याही आधी, तुमच्यासारखी माणसे दरीत उतरतात. जुलै २०१८ मध्ये आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस कोसळून ३० जण गेले, तेव्हा शेकडो फूट खोल दरीतून मृतदेह वर आणण्यात स्थानिक ट्रेकर्सचा मोठा वाटा होता. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी दरडीखाली गेली. तिथे गाडीरस्ता नव्हता, यंत्रे वर नेता येत नव्हती, पावसात चिखल हातांनी उपसावा लागला. मदतीला निघालेल्या नवी मुंबईच्या अग्निशमन दलातील एका अधिकाऱ्याचा चढणीवरच मृत्यू झाला. चार दिवसांनी शोधकार्य थांबवले गेले, तेव्हा २७ मृतदेह हाती आले होते आणि ५७ माणसे सापडलीच नव्हती. तिथून उतरून आलेल्या बऱ्याच जणांना पाहिलेल्यांपेक्षा न सापडलेल्यांचा विचार जास्त छळत असणार. त्यांतही गणवेशातल्या माणसाला निदान दल असते, रजा असते, अर्ज करायला साहेब असतो. स्वयंसेवक रविवारी दरीतून वर येतो आणि सोमवारी सकाळी ऑफिसात संगणकासमोर बसतो.

तुम्ही कच्चे नाही. मृत व्यक्तीशी वयाचे, कपड्यांचे, वस्तूचे साम्य आढळले की आघात खोल जातो, हे सर्वज्ञात आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत तर आघाताला सामोरे जाणाऱ्यांचे उदाहरण म्हणून मानवी अवशेष गोळा करणाऱ्या बचावकर्मींचा थेट उल्लेख आहे. ‘सवय होईल’ हे वाक्य मला पटत नाही. सवय हातांना होते, गाठी जलद मारता येतात, स्ट्रेचर सफाईने बांधता येते. मनाला होते ती सवय नसून बहुधा वर पहिल्या पत्रात आलेले बधिरपण असते.

तीन आठवडे हा काळ अजून लहान आहे. झोप, जेवण आणि नोकरी साधारण ठीक चालू असेल, तर आणखी काही आठवडे वाट पाहा. महिना उलटल्यावरही सॅककडे पाहवले नाही किंवा त्रास वाढत गेला, तर तज्ज्ञाला भेटा. तोवर सॅक फेकू नका आणि मुद्दाम पाठीवरही घेऊ नका. डोळ्यांना दिसेल अशा जागी ठेवा आणि एखाद्या दिवशी तिच्यात भाजी आणा. पुढच्या वेळी पथकप्रमुखांना सांगून दोराच्या वरच्या टोकाला काम मागा. मृतदेहाच्या चेहऱ्याकडे, हातांकडे, खिशातल्या वस्तूंकडे ज्याचे काम आहे त्यानेच पाहावे, बाकीच्यांनी दोराकडे आणि पायवाटेकडे पाहावे, हा जुन्या जाणत्या बचावकर्मींचा नियम आहे. पथकाच्या व्हॉट्सॲप गटावर घटनास्थळाची छायाचित्रे येत असतील, तर ती बंद करायला लावा. प्रत्यक्ष दरीत न उतरलेल्या मुलांच्या मनावरही ती उमटतात, आणि मृताच्या घरच्यांचा त्यात अपमान आहे तो वेगळाच. आईला ‘मी जाणारच’ किंवा ‘मी सोडले’ असे काहीच सांगू नका. ‘हा पावसाळा मी खाली जाणार नाही, वर थांबेन’ एवढे सांगा आणि खरोखर थांबा. एक मोसम विश्रांती घेतलेला माणूस पुढे वीस वर्षे पथकात राहिलेला मी पाहिला आहे.

प्रश्न : मी रुग्णवाहिकेवर पायलट आहे. मागच्या महिन्यात एका पाड्यावरून बाईला आणताना गाडीतच बाळंतपण झाले. बाळ रडले नाही. डॉक्टर मॅडमनी पिशवीने श्वास दिला, मी गाडी बाजूला घेऊन टॉर्च धरला. दवाखान्यात पोचलो तेव्हा बाळाने एक हात हलवला. पुढे काय झाले माहीत नाही. मी साधा ड्रायव्हर आहे, मला विचारायचा हक्क आहे का?

उत्तर : आहे. रुग्णालयातील कर्मचारी तुम्हाला सगळी माहिती देणार नाहीत, ते त्यांच्या नियमाला धरूनच असेल, पण ‘आम्ही आणलेले बाळ बरे आहे का?’ एवढे विचारायला हुद्दा लागत नाही. तुम्हाला संकोच वाटत असेल, तर त्या दिवशी बरोबर असलेल्या मॅडमना सांगा. त्याही हे विचारण्यासाठी कदाचित कुणीतरी बोलण्याची वाट पाहत असतील. तिथून काही कळले नाही, तर त्या पाड्याच्या आशाताईंना विचारा. दवाखान्यातून घरी आलेल्या बाळाला पाहायला आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जातात, म्हणजे बाळ घरी आले असेल तर त्यांच्या वहीत त्याचे वजनसुद्धा असेल. उत्तर वाईटही असू शकते, म्हणून विचारायला जाताना मॅडमना बरोबर घ्या, एकटे जाऊ नका. एक महिना झाला आहे. आशाताईंची शेवटची फेरी कदाचित अजून व्हायची असेल. या आठवड्यातच विचारा.